एका केसपेपरावर अख्खं घर

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (नेहमीचेच आहेत. मागच्या पत्रातले वापरले नसशील तर तेही शिल्लक असतील.) तुझ्या यजमानांना नमस्कार, नातवंडांना पापा, आणि सुनेला तुला योग्य वाटेल ते. तुझा गुडघा काय म्हणतो? मागे तू लिहिलं होतंस की जिना चढताना तो बोलतो. माझे दोन्ही बोलतात, पण मी त्यांना उत्तर देत नाही, त्यामुळे ते गप्प बसायला शिकलेत. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं आणि ते कुणी खरं धरत नाही, पण यंदा माझ्या खुशालीवर सरकारमान्य गोल शिक्का आहे, तेव्हा तू खरं धरायला हरकत नाही. पत्र लांबणार आहे. दूध तापत ठेवलं असशील तर आधी गॅस बंद करून ये. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, माझी शाळा दुसरीत सुटली तरी माझा अंदाज कधी सुटला नाही, आणि आपण एकाच आईच्या.

तर आमच्या शेंडेफळाला, परदेशी दिलेल्या मुलीला, दिवस गेलेत, हे तुला कळलं आहेच. तिकडच्या डॉक्टरणीने तिला पलंगावरून उतरायची बंदी केली आहे. जावई माणूस सरळ आहे, पण घरात त्याचा उपयोग उंच फळीवरचं काही काढण्यापुरता. परवा त्याने अंडं उकडताना पातेलं जाळलं आणि ते लपवायला नवं पातेलं आणलं, तेही तसंच जाळलं. मुलीचा फोन आला, आई, बाळंतपणाच्या आत तू इथे पाहिजेस. तुला तिचा स्वभाव माहीत आहे. तिने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही, जे हवं ते भांडून घेतलं. म्हणून या वेळी तिने मागितलं तेव्हा मी घाबरले. घाबरले म्हणजे काय, लगेच ट्रंक काढून उन्हात ठेवली.

पण परदेश म्हणजे काही माहेर नाही, की उठलं आणि निघालं. व्हिसा लागतो. व्हिसा म्हणजे त्यांच्या दाराची कडी, ती ते आतून काढतात, आणि काढण्याआधी आपण कोण, कुठले, काय खाल्लं, काय प्यायलं, सगळं विचारतात. त्यांच्या यादीत एक कलम होतं की आजवरच्या आजारपणाचे सगळे कागद जोडावेत, आणि ते त्यांच्या भाषेत, सरकारमान्य भाषांतरकाराकडून करून आणावेत. ते वाचून थोरल्याचा (म्हणजे माझ्या मुलाचा, जो ऑफिसात साहेब झाल्यापासून घरातही साहेबच असतो) चेहरा पडला. मी म्हटलं, त्यात काय, माझा केसपेपर आहे की. आपल्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना ज्याचे त्याला कागद वाटून टाकले होते, तेव्हा सगळ्यात जाड गठ्ठा माझा होता. शेजारणीचा एवढासा. मी मिरवतच घरी आणला होता.

भाषांतरवाला टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. लोखंडी जिना, वर दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात गेलेला, आणि टेबलावर गोल फिरणारी घोडी, तिला शिक्के टांगलेले. म्हणून मी त्याला शिक्केवाले म्हणते. त्यांनी माझा गठ्ठा उचलून तोलून पाहिला आणि म्हणाले, आजी, मी पदरचं काही घालत नाही आणि कागदावरचं काही गाळत नाही. मला माणूस आवडला. (आमच्या घरात घालणारे आणि गाळणारे दोन्ही आहेत, त्यामुळे मधला माणूस पाहिला की बरं वाटतं.) ते इतके काटेकोर निघाले की कागदावर चहाचा डाग होता तर त्याचंही त्यांनी भाषांतर केलं, 'येथे तपकिरी गोल डाग'. एका चिठ्ठीच्या मागे मी कधीतरी वाण्याची यादी लिहिली होती, साबण, सुतळी, रॉकेल, उंदराचं औषध. तीही त्यांनी सोडली नाही. त्यामुळे त्या लोकांच्या समजुतीनुसार मी कधी काळी तापावर साबण आणि उंदराचं औषध घेतलं आणि तरी जगले. सगळं टाइप करून, प्रत्येक पानावर शिक्का मारून त्यांनी पाकीट लाखेने बंद केलं. थोरल्याने ते न उघडता तसंच नेऊन दिलं. साहेब लोक बंद पाकीट उघडत नाहीत, ते फक्त पुढे पाठवतात.

मग मला वकिलातीत बोलावणं आलं. मोठा हॉल, ओळीने जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या (एक हलला की सगळे हलतात), आणि समोर काचेच्या खिडक्या. माझ्या काचेमागे एक तरुण बाई होती, आपलीच भाषा बोलणारी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, साठीनंतर तुम्हाला दिवस गेले होते का?"

थोरला माझ्या शेजारी उभा होता. तो फरशी मोजू लागला. बाईने पुढचं पान काढलं. तुम्हाला दाढी केल्यावर गळ्यावर पुरळ उठतं, असं लिहिलंय. त्याच्या पुढचं पान. लघवी अडते म्हणून तुमच्या ज्या ग्रंथीवर उपचार झाले ती ग्रंथी, आजी, बाईमाणसाच्या शरीरात नसतेच. आणि इथे लिहिलंय, कान सुजला आहे, हात लावू देत नाही, चावायला येते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, तुला आठवतं ना, आमच्या घरची पद्धत? आमच्याकडचे पुरुष डॉक्टरकडे जात नसत. दुखलं की ते माझ्याकडे बघून कण्हायचे. मग मी पिशवी घेऊन दवाखान्यात जायची, त्यांचं दुखणं आपलं म्हणून सांगायची, औषध आणायची आणि पाजायची. पुढे सुनाही तेच शिकल्या. कंपाउंडर अर्ध्या दारातून ओरडायचा, नाव? मी माझं सांगायची, कारण तोंडात तेच असायचं, आणि त्याच्या कपाटात माझाच कागद सगळ्यात वर असायचा. डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. नाडी माझी बघायचे आणि विचारायचे, आज कोण आजारी आहे? पण लिहायचे माझ्याच पानावर. सगळ्यांचं बरं झालं, कागदाचं कोण बघतो. एवढी वर्षं कुणी बघितलं नाही, आणि बघितलं ते थेट दुसऱ्या देशाने.

मी हे सगळं त्या बाईला सांगितलं. ती हसली नाही, पण चष्मा काढून पुसला, म्हणजे तेच. मग मात्र गंभीर झाली. म्हणाली, आजी, बाकीचं मी समजून घेईन, पण ही एक ओळ मला समजून घेता येत नाही. ती ओळ फुप्फुसाची. खोकला, रक्त, कित्येक महिने रोज इंजेक्शन. आणि त्यांच्याच डॉक्टरने आत्ता काढलेला माझा छातीचा फोटो म्हणतो की या बाईच्या फुप्फुसाला कधी काही झालंच नाही, नव्या भात्यासारखं आहे. म्हणजे एक तर कागद खोटा, नाहीतर फोटो दुसऱ्या कुणाचा. खोटा कागद जोडला असं ठरलं तर व्हिसा मिळत नाही, आणि पुन्हा मागताही येत नाही. बघ, आयुष्यात पहिल्यांदा मी ठणठणीत आहे हे मशीनने सांगितलं, आणि तोच माझा गुन्हा ठरला.

मी तिथे भांडले नाही. (तुला खोटं वाटेल, पण थोरला साक्षीला आहे.) मला दिसत होती ती पलंगावर पडलेली मुलगी आणि जावयाचं तिसरं पातेलं. मग मी बाईला विचारलं, ज्याचं दुखणं त्याला परत केलं तर चालेल का? तिने आत जाऊन कुणाला तरी विचारलं आणि येऊन म्हणाली, चालेल, पण प्रत्येकाने भाषांतरकारासमोर येऊन हे माझं आहे असं लिहून द्यायचं, त्याचं भाषांतर, त्यावर शिक्का. शिवाय डॉक्टरांचं पत्र. आणि लवकर.

डॉक्टर आता अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जीभ दाखवा म्हणतात. मला पाहून म्हणाले, तुमच्या घरात दुखणी सगळ्यांची, पण कागदावर पेशंट एकच होता, तुम्ही. मी म्हटलं, तेच लिहून द्या. त्यांनी लिहिलं. शिक्केवाल्यांनी त्या पत्राचं जे भाषांतर केलं त्यात वरून खालपर्यंत 'वाचता येत नाही', 'वाचता येत नाही' एवढंच होतं, आणि शेवटी 'सही, तीही वाचता येत नाही'. मी ते परत नेलं आणि डॉक्टरांना म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनाही लागेना. मग मी खुर्चीशी उभी राहिले आणि त्यांच्याकडून एकेक अक्षर सुटं काढून घेतलं, बालवर्गात काढतात तसं. आयुष्यभर मला जीभ बाहेर काढायला लावणारा माणूस अक्षर गिरवताना स्वतःची जीभ बाहेर काढून बसला होता.

आता घर. संध्याकाळी सगळ्यांना बसवलं आणि थोरल्या सुनेला भाषांतर मोठ्याने वाचायला लावलं. तिला ती भाषा येते, आणि येते हे ती आम्हाला विसरू देत नाही. ती शुद्ध, खणखणीत आवाजात वाचत गेली, मूळव्याध, प्रकार कोणता, त्रास कधी होतो. थोरला उठून पाणी प्यायला गेला. (एवढी वर्षं तो ऑफिसात मऊ उशीवर बसतो आणि लोकांना सांगतो, पाठीला आधार.) सुनेला नवऱ्याची गंमत वाटली, आणि त्याच हसऱ्या तोंडाने तिने पुढची ओळ वाचली, डोक्यात उवा, मोठ्या प्रमाणावर. मग तिचा आवाज जो खाली गेला तो गेलाच. त्यापुढची दिवस गेल्याची ओळ तिने मनातल्या मनात वाचली. तिचंच होतं. पहिले महिने गल्लीत कळायला नको म्हणून तिनेच माझ्या नावावर चिठ्ठी आणायला लावली होती, आणि आता मलाच विचारते, सासूबाई, असं कसं केलंत तुम्ही?

सह्या करायला कुणी तयार होईना. थोरला म्हणाला, आई, उद्या हे कुणाला कळलं तर मी ऑफिसात तोंड कसं दाखवू? मी म्हटलं, तोंड दाखव की खुशाल, दुखणं तिथे नाही. धाकटा मुलगा म्हणाला, पुरळ ही काय लिहून देण्यासारखी गोष्ट आहे का? आमचे हे तर म्हणाले, मला तसलं काही झालंच नव्हतं, पाणी कमी पीत होतो एवढंच. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की ठीक आहे, व्हिसा नाही तर नाही, मी इथेच राहते, आणि मोकळा वेळ मिळालाच आहे तर कोणाला काय झालं होतं हे शेजारणींना सविस्तर सांगत बसते. माझी आठवण अजून चांगली आहे. दुसऱ्या दिवशी सगळे माझ्याआधी चपला घालून तयार.

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत आम्ही सगळे मावलो कसे, ते त्या जिन्यालाच माहीत. शिक्केवाल्यांनी एकेकाला हात नसलेल्या खुर्चीत बसवलं. थोरल्याने उभ्यानेच सही करू का विचारलं. ते म्हणाले, कारण लिहावं लागेल. मग बसला. त्याने मूळव्याध कबूल केली, शिक्का पडला, आणि तुला सांगते, त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की जणू बढती मिळाली. ते बघून धाकट्याला वाटलं आपलं पुरळ फारच किरकोळ आहे, म्हणून त्याने घशाचं गळू आणि मुरगळलेला पायही आपल्या नावावर लिहायला लावले. सुनेने उवांची सही करताना माहेरून आल्या होत्या असं जोडायला सांगितलं, पण शिक्केवाले म्हणाले, मूळ कागदात उवांचं गाव दिलेलं नाही. शेवटी आमचे हे बसले. आधी ती ग्रंथी कबूल केली. मग मुलं आपल्याकडे आदराने बघतायत असं वाटून त्यांना जोर चढला, आणि गुडघा माझा, उचकी माझी, तो कानही माझाच, असं करत ते सह्या करत सुटले. कान त्यांचा नव्हता. कान आमच्या मागच्या दारच्या कुत्र्याचा होता, त्याच्यासाठी मी थेंब आणले होते. पण शिक्का पडला होता. आता तुझ्या भावजींच्या नावावर सरकारी कागद आहे की कानाला हात लावला तर ते चावायला येतात. मी तो खोडायला लावला नाही. तसं फार चुकीचंही नाही ते.

फुप्फुसाची ओळ कुणाची, हे सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिचं मी बघते.

हे सगळं घेऊन मी पुन्हा काचेपुढे गेले. बाईने एकेक कागद माझ्या पानावर लावून पाहिला आणि लाल रेघ मारत गेली. गरोदरपण गेलं. ग्रंथी गेली. उवा, कान, उचकी, सगळे आपापल्या घरी गेले. एवढ्या जाड गठ्ठ्यात शेवटी माझं म्हणून काय उरलं माहीत आहे? पायात काटा मोडला होता, तो काढला. तेवढंच. बाई म्हणाली, आजी, तुम्ही स्वतः कधी आजारीच पडला नाहीत? मी म्हटलं, पडणार होते, पण दरवेळी कुणीतरी आधीच पडलेलं असायचं. तिने पुन्हा चष्मा पुसला. फुप्फुसाच्या ओळीवरही आम्ही दोघींनी मिळून मार्ग काढला, आणि तिने माझा पासपोर्ट परत न देता स्वतःकडे ठेवून घेतला. थोरला म्हणतो, ठेवून घेतात तेव्हा देणारच असतात.

तर तुझी दुसरीत शाळा सुटलेली बहीण एका देशाशी बोलली आणि पुरून उरली. आता मुलीला सांगितलंय, पातेली जपून वापरा, मी येते आहे. सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग. लिहिण्यात चुका असतील तर त्या माझ्याच आहेत, दुसऱ्या कुणाच्या नावावर घालू नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. तुझी ती चाकांची बॅग पाठव. आमच्या ट्रंकेला विमानात घेत नाहीत म्हणे. मागच्या वेळी तिची कडी तुझ्या नातवानेच मोडली होती, मी नाही.

ता. क. आणखी. आता कामाचं. फुप्फुसाची ओळ तुझी आहे. आठवत नाही म्हणू नकोस. तुझं लग्न नुकतंच झालं होतं, रुमालावर रक्त दिसलं, आणि तू बहिणीला बरं नाही, तिच्या मदतीला जाते असं सांगून माझ्याकडे आलीस. सासरी कळलं असतं तर तुझं सामान तुझ्याआधी रस्त्यावर आलं असतं. डॉक्टरांनी सुई तुझ्या दंडात टोचली आणि नाव माझं लिहिलं. माझं त्यात काही गेलं नाही. तेवढे महिने शेजारणी माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या, त्यामुळे उसनं मागायलाही येत नव्हत्या, तो फायदाच झाला. पण आता मला ती ओळ परत करायची आहे. काचेमागच्या बाईला मी सांगितलं, बहीण लांब असते, तिचे गुडघे जिना चढत नाहीत. ती म्हणाली, त्यांनी स्वतः फोनवर हो म्हटलं की मी शिक्का मारते, नाही म्हटलं तर माझ्या हातात काही नाही. ती तुला या आठवड्यात फोन करणार आहे. तुझी सासू कधीच गेली. यजमानांना राग आला तर येऊ दे, तुला माहेरी पाठवायचं म्हटलं तरी आता माहेर उरलेलं नाही, मीच तेवढी आहे आणि मी परदेशी चालले.

ता. क. शेवटचा. हे मी फोनवरच सांगितलं असतं, पण तुझी सून तुझा फोन स्पीकरवर टाकते आणि सगळं घर भोवती बसतं, म्हणून पत्र. पण त्या बाईचा फोनही स्पीकरवरच येणार, हे मला लिहिता लिहिता सुचलं. त्याला माझ्याकडे इलाज नाही. स्पीकर बंद करायच्या नादात तू दरवेळी फोनच बंद करतेस, तेव्हा कशाला हात लावू नकोस. तिने विचारलं की दुसरं काही सांगत बसू नकोस, फक्त 'हो, माझंच' म्हण. आणि मोठ्याने म्हण, काचेमागे बसून बसून तिला जरा कमी ऐकू येतं.